वेठीचे सैन्य आणि दयाळू सेनापती

'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 'अटॅक ऑफ द क्लोन्स' (२००२) या चित्रपटात ओबी-वान केनोबी एका मारेकऱ्याचा माग काढत कॅमिनो नावाच्या ग्रहावर पोचतो. ओबी-वान हा जेडाय आहे, म्हणजे शांतीचे व्रत घेतलेल्या योद्धा-संन्याशांपैकी एक. सतत पाऊस कोसळणाऱ्या त्या ग्रहावरचा प्रमुख पाहुण्याला आपला कारखाना दाखवतो. तिथे काचेच्या नळकांड्यांत गर्भ वाढताहेत, वर्गात एकाच चेहऱ्याची मुले ओळीने बसली आहेत, भोजनगृहात एकाच चेहऱ्याचे तरुण जेवताहेत. दोन लाख सैनिक तयार आहेत, आणखी दहा लाख वाटेवर आहेत. सगळे एकाच माणसाच्या बीजापासून घडवलेले क्लोन. लवकर कामी यावेत म्हणून त्यांची वाढ दुप्पट वेगाने होते, आणि हुकूम मोडू नयेत म्हणून त्यांच्या जनुकांतला स्वतंत्रपणा कमी करून टाकला आहे. हे शेवटचे तो प्रमुख मालाची खासियत सांगावी तसे सांगतो. ओबी-वान ऐकून घेतो. या सैन्याची मागणी कोणी नोंदवली, याचे त्याला कोडे पडते. त्या मुलांना कोणी काही विचारले का, हे मात्र त्याच्या तोंडून येत नाही. पुढे लवकरच जेडायांचा वृद्ध गुरू योडा स्वतः कॅमिनोला जातो आणि हे सैन्य घेऊन रणांगणावर उतरतो. ऐन संकटात मदत आली म्हणून प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतात. मीही टाकला होता. पण वर्गात बसलेली ती मुले माझ्या डोक्यातून गेली नाहीत.

ज्या सैनिकाला नाही म्हणण्याची वाटच ठेवलेली नाही, त्याला लढाईत नेणारा नायक त्याच्या वेठीचा वाटेकरी ठरतो का? सहसा ही वेठ नायकाने लादलेली नसते, त्याच्या हाती ती आयती येते. तो स्वतः चांगला असतो, शत्रू खरोखरच दुष्ट असतो आणि हाताशी वेळ थोडा असतो. कथा त्याच्या बाजूने सांगितली जाते, त्यामुळे तो जिंकला की आपणही जिंकतो. गेल्या शंभर वर्षांतल्या विज्ञानकथांत आणि अद्भुतकथांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला आहे. आपल्या महाकाव्यांत तो त्याच्या कितीतरी आधी आला होता.

'वेठ' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. अंमलदाराचा मुक्काम हलला की गावातली माणसे धरायची, त्यांच्या डोक्यावर बोजा द्यायचा, मजुरी द्यायची नाही आणि नकार ऐकायचा नाही, ही आपल्याकडची वेठबिगार. चेक भाषेत याच अर्थाचा शब्द आहे 'रोबोता'. कारेल चापेकने 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली लिहिले तेव्हा त्यातल्या कृत्रिम कामगारांसाठी त्याचा भाऊ योसेफ याने यावरूनच 'रोबोट' हा शब्द सुचवला. म्हणजे आज आपण यंत्रमानवाला जे नाव देतो त्याच्या मुळाशीच वेठ आहे. चापेकचे रोबोट लोखंडाचे नाहीत, जैविक द्रव्यापासून बनवलेले आहेत, आणि नाटकात पुढे सरकारे त्यांच्या हाती शस्त्रे देऊन त्यांचे सैनिक करतात. मला या नाटकात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती हेलेना. ती या कामगारांना मुक्त करण्याचा निश्चय करून कारखान्यात येते, आणि कारखान्याच्या संचालकाशी लग्न करून दहा वर्षे तिथेच राहते. तिची कणव खोटी नाही. पण त्या दहा वर्षांत ती त्याच घरात जेवते-झोपते आणि कारखाना रोज चालू राहतो. पुढच्या शतकातल्या कितीतरी नायकांची कहाणी या एका व्यक्तिरेखेत सामावलेली आहे.

विकत घेतलेल्या किंवा धरून आणलेल्या सैनिकांचे सैन्य इतिहासाला नवे नाही. इजिप्तचे मामलुक आणि ऑटोमन साम्राज्याचे जेनिसरी ही ठळक उदाहरणे. जेनिसरींसाठी ख्रिस्ती प्रजेची मुले करासारखी उचलली जात. आपल्या दख्खनमध्ये मलिक अंबर होता. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीतल्या चंगेजखानाने विकत घेतला. मालकाच्या मृत्यूनंतर तो मोकळा झाला. १६००मध्ये अहमदनगर पडल्यावर त्यानेच निजामशाही पुन्हा उभी केली, पुढे खडकी शहर वसवले आणि १६२६पर्यंत मोगलांना झुंजवत ठेवले. त्याची कबर खुलताबादला आहे. इतिहासातल्या गुलाम सैनिकासमोर अशी एखादी अरुंद फट तरी असे. विज्ञानकथेने ती फटही बुजवली. क्लोनचे आयुष्यच दुप्पट वेगाने संपते, आणि त्याचा मालक मेला तरी त्याच्या पेशींतली आज्ञाधारकता मरत नाही.

एक कबुली इथे द्यायला हवी. पूर्णपणे मोकळ्या मनाने लढणारा सैनिक कुठेच सापडत नाही. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर यांच्या मोकळिकीतही अंतर होतेच, आणि दुष्काळात पोटासाठी फौजेत शिरलेल्या कुणब्याने कितपत निवड केली हे सांगणे अवघड आहे. अमेरिकन विचारवंत मायकेल वॉल्झरने १९७७च्या 'जस्ट अँड अनजस्ट वॉर्स' या ग्रंथात मांडले की दोन्ही बाजूंचे सामान्य सैनिक नैतिकदृष्ट्या समान पातळीवर असतात. युद्ध सुरू करण्याचा दोष त्यांच्यावर येत नाही. जेफ मॅकमहानने २००९मध्ये 'किलिंग इन वॉर' लिहून याला विरोध केला आणि अन्याय्य बाजूने लढणारा सैनिक त्या अन्यायाचा भागीदार असतो अशी बाजू मांडली. हा वाद सैनिकाच्या दोषाचा आहे. आपल्या प्रश्नात सैनिक जवळजवळ निर्दोष आहे. त्याचा वाटा त्याच्याकडून आधीच काढून घेतलेला आहे. मग तो वाटा कोणाकडे गेला, एवढेच शोधायचे उरते.

रामायणातले वानरसैन्य मी लहानपणी कीर्तनांतून ऐकले तेव्हा ते भक्तीने धावून आलेले सैन्य होते. पुढे वाल्मीकी वाचताना वेगळ्या गोष्टी भेटल्या. बालकांडात ब्रह्मदेव देवांना सांगतात की विष्णूच्या साहाय्यासाठी वानररूपी पुत्र उत्पन्न करा. म्हणजे ही सेना युद्धाआधी, युद्धासाठीच जन्माला घातलेली आहे. किष्किंधाकांडात सुग्रीवाचा हुकूम निघतो की ठरल्या मुदतीत हजर न होणाऱ्याला देहांत शासन. सीतेच्या शोधाला निघालेल्या तुकड्यांना एक महिना मिळतो आणि त्यानंतर परतणाऱ्याला मृत्यू. दक्षिणेकडे गेलेल्या अंगदाच्या तुकडीची मुदत उलटते आणि समुद्रकिनारी बसून ते सगळे प्रायोपवेशनाला, अन्नपाणी सोडून मरायला तयार होतात. परत जाऊन सुग्रीवाच्या हातून मरण्यापेक्षा इथे मरू, असा त्यांचा विचार. संपाती गृध्राने बातमी दिली नसती तर रामकार्यासाठी निघालेली ही तुकडी आपल्याच राजाच्या भीतीने किनाऱ्यावर संपली असती. कीर्तनात हा प्रसंग मी ऐकल्याचे आठवत नाही.

रामाने ही भीती निर्माण केली नव्हती. पण सुग्रीवाशी सख्य करून ती त्याने आपल्या कार्याला जोडून घेतली. आणि वाल्मीकीला याची जाणीव असावी असे मला युद्धकांडाच्या शेवटावरून वाटते. रावणवधानंतर इंद्र वर मागायला सांगतो तेव्हा राम स्वतःसाठी काही मागत नाही. आपल्यासाठी बायकामुले सोडून आलेले आणि मेलेले वानर पुन्हा उठावेत, आणि ते जिथे राहतील तिथे अकालीही फळे-फुले यावीत, नद्यांना निर्मळ पाणी असावे, एवढे तो मागतो. मेलेले वानर झोपेतून उठावे तसे उठतात. माझ्या माहितीतल्या कथांत सेनापतीने सैनिकांचे देणे इतक्या थेटपणे फेडल्याचे दुसरे उदाहरण नाही. ते फेडायला देवाचा वर लागला, हेही कवीने लपवलेले नाही.

महाभारत इतके कोवळे नाही. उद्योगपर्वात दुर्योधन आणि अर्जुन दोघेही द्वारकेत मदत मागायला येतात. झोपलेल्या कृष्णाच्या उशाशी एक, पायाशी दुसरा, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. आपण तो अर्जुनाच्या भक्तीची कसोटी म्हणून ऐकतो. पण त्या खोलीत वाटणी कशाची चालली आहे? एका बाजूला निःशस्त्र कृष्ण, दुसऱ्या बाजूला नारायण नावाचे गोप योद्धे, एक अर्बुद. त्या गोपांपैकी एकही तिथे नाही. अर्जुन कृष्णाला निवडतो आणि एका वाक्यात ती सगळी माणसे दुर्योधनाची होतात. पुढे द्रोणपर्वात संशप्तकांबरोबर हेच नारायण गोप अर्जुनाला घेरतात. अर्जुन त्वाष्ट्र अस्त्र सोडतो, त्या मायेत त्यांना एकमेकांत अर्जुन दिसू लागतो आणि ते एकमेकांना मारतात. त्या क्षणी अर्जुनाच्या रथाचे लगाम कृष्णाच्या हातात आहेत. ज्याने त्यांना देऊन टाकले तोच त्यांच्यासमोर घोडे हाकतो आहे. कृष्णाच्या हेतूंवर आपल्याकडे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. गोपांच्या वाट्याला त्यातली थोडीच पाने आली. मला वाटते, महाभारताची कुठलीही नैतिक चर्चा या अर्बुदाला ओलांडून पुढे जाऊ नये.

त्याच महाभारतात याच्या अगदी उलट असा एक प्रसंग आहे. युद्धाला तोंड फुटण्याआधी युधिष्ठिर कौरवसेनेसमोर उभा राहून जाहीर करतो की ज्याला आमच्या बाजूला यायचे असेल त्याने यावे. धृतराष्ट्राचा दासीपुत्र युयुत्सु तेवढा सैन्य ओलांडून येतो. युधिष्ठिराने दार उघडले ते शत्रूच्या सैनिकांसाठी. आपल्या सात अक्षौहिणींसमोर उभे राहून त्याने तोच प्रश्न विचारला असता तर काय झाले असते, याचा विचार मी बरेचदा केला आहे.

युयुत्सूचे हे ओलांडून येणे मनात ठेवून जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या डेनेरिसकडे पाहावे. 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स' (२०००) या कादंबरीत ती अस्तापोर शहरात अनसलीड नावाचे आठ हजारांहून अधिक गुलाम सैनिक विकत घेते. त्यांना घडवण्याची रीत वाचवत नाही. लहानपणी खच्चीकरण, त्या दिवशी हाती दिलेले कुत्र्याचे पिल्लू वर्षभर सांभाळून मग स्वतःच्या हातांनी मारायचे, आणि शेवटची परीक्षा म्हणजे बाजारातून एखादे तान्हे मूल आईदेखत मारणे. नावसुद्धा रोज चिठ्ठी काढून बदलायचे, आजचे नाव उद्या राहत नाही. डेनेरिस त्यांच्या बदल्यात आपला एक ड्रॅगन देते, मालकीचा चाबूक हाती घेते आणि पहिलाच हुकूम देते तो त्यांच्या जुन्या मालकांना मारण्याचा. मग चाबूक फेकून ती त्यांना मुक्त करते. या कथेवरच्या दूरदर्शन मालिकेत (तिसरे पर्व, २०१३) ती स्पष्ट सांगते की ज्याला जायचे त्याने जावे, कोणी अडवणार नाही. भाले जमिनीवर आपटून ते तिच्याबरोबर राहतात.

हा या सगळ्या साहित्यातला सर्वांत गाजलेला मुक्तिप्रसंग असावा. मी तो मोठा मानतो आणि तरीही त्यात क्रम चुकला आहे असे मला वाटते. कत्तल झाली ती ते अजून तिच्या मालकीचे असताना. आधी मुक्ती आणि मग विनंती असा क्रम असता तर शहर पडले नसते कदाचित, आणि नेमक्या त्या जोखमीतूनच तिने स्वतःची सुटका करून घेतली. शिवाय पाचव्या वर्षापासून ज्याच्यातून नकार उपटून काढला त्याला अर्ध्या मिनिटात निवड करायला सांगणे ही पुरी निवड नव्हे. पण मार्टिनने एक बारीक गोष्ट अचूक पकडली आहे. मुक्त झाल्यावर नवे नाव घेण्याची मुभा मिळते तेव्हा ग्रे वर्म हा सैनिक आपले किड्याचे नावच ठेवतो, कारण मुक्त झाला त्या दिवशी चिठ्ठीत ते निघाले होते. त्याच्या आयुष्यातला हा पहिला स्वतःचा निर्णय, आणि तो डेनेरिसने अपेक्षिला होता तसा नाही. जिथे सैनिक सेनापतीच्या अपेक्षेबाहेरचे काही निवडतो तिथेच त्याच्या मोकळेपणावर माझा विश्वास बसतो.

टॉल्कीनचा ॲरागॉर्न शापित मृतांची सेना घेऊन निघतो ('द रिटर्न ऑफ द किंग', १९५५). त्यांनी इसिल्डुर या राजाला दिलेली शपथ मोडली होती, ती पुरी होईपर्यंत त्यांना विसावा नाही. इथे बंधन त्यांच्याच जुन्या वचनाचे आहे, म्हणून हा खटला सौम्य आहे. कादंबरीत ॲरागॉर्न त्यांच्याकडून पेलार्गिरच्या बंदरातली जहाजे घेतो, तिथेच शपथ पुरी झाली म्हणून त्यांना सोडतो, आणि जहाजांवर साखळ्यांनी बांधलेल्या कैद्यांनाही मोकळे करतो. २००३च्या चित्रपटात त्याच मृतांना राजधानीच्या लढाईपर्यंत नेले आहे, आणि ॲरागॉर्नचा सोबती गिम्ली त्यांना अजून थोडे ठेवून घ्यावे असे सुचवतो. ॲरागॉर्न सोडतो. पण कादंबरीतली सुटका आधीची, गरज पुरती संपण्यापूर्वीची आहे. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे.

सैनिकाला बांधायला नेहमी शाप किंवा चाबूक लागत नाही. फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून'मध्ये (१९६५) वाळवंटी फ्रेमेन लोक नायक पॉलमागे स्वखुशीने जातात असे दिसते. पण त्यांची मुक्तिदात्याची श्रद्धा एका गुप्त भगिनीसंघाने पिढ्यांपूर्वी हेतुपुरस्सर पेरलेली होती, आणि पॉलला ते माहीत आहे. 'ड्यून मेसाया'मध्ये (१९६९) त्याच्या नावाने चाललेल्या धर्मयुद्धातल्या मृतांचा आकडा एकसष्ट अब्जांवर गेला आहे आणि तो स्वतः त्याचा हिशेब मांडतो. हर्बर्टने आपल्या नायकाला सूट दिली नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर आहे. जो हाल्डेमन स्वतः व्हिएतनामला लढून आला होता. त्याच्या 'द फॉरेव्हर वॉर'मध्ये (१९७४) सक्तीने भरती झालेल्या सैनिकांच्या मनात संमोहनाने शत्रूच्या क्रौर्याच्या खोट्या आठवणी भरलेल्या असतात. नायक मँडेलाला त्या खोट्या आहेत हे कळत असते आणि तरी द्वेष उसळतो. पुढे तोच तुकडीचा प्रमुख होतो. इथे हुकूम देणारा आणि घेणारा एकाच दोरीने बांधलेले आहेत, त्यामुळे त्याला दोष देताना माझा हात थबकतो. ऑर्सन स्कॉट कार्डच्या 'एंडर्स गेम'मध्ये (१९८५) तर सेनापती एंडरच फसवला गेलेला मुलगा आहे. खेळ समजून तो खरी जहाजे आणि खरी माणसे मरणाकडे पाठवतो. जॉन केसेल या लेखकाने २००४मधल्या एका निबंधात आक्षेप घेतला की ही कादंबरी हेतूलाच सर्वस्व मानून एंडरला निरपराध ठरवण्यासाठी रचली आहे. तो आक्षेप मला बराचसा पटतो. वाचक फार लवकर रडतो, आणि ते रडणे एंडरसाठी असते.

पण या प्रश्नाचा सर्वांत सखोल, आणि बहुधा निर्मात्यांच्याही इच्छेपलीकडे गेलेला विचार पुन्हा क्लोनांकडेच घेऊन येतो. 'द क्लोन वॉर्स' ही ॲनिमेशन मालिका २००८मध्ये सुरू झाली आणि खंड पडत २०२०मध्ये संपली. चित्रपटातल्या एकसारख्या शिरस्त्राणांना तिने चेहरे दिले, केशरचना दिली, गोंदणे दिली, नावे दिली. पहिल्याच भागात योडा तीन क्लोनांबरोबर एका गुहेत विसावतो. तो त्यांना शिरस्त्राणे काढायला सांगतो. आम्ही सगळे सारखेच, असे ते म्हणतात तेव्हा तो प्रत्येकाला त्याचे वेगळेपण समजावून सांगतो. दृश्य फार सुंदर आहे. बालप्रेक्षकांच्या मनात जेडाय हे चांगले सेनापती म्हणून ठसतात ते अशाच दृश्यांनी.

मी या दृश्याचा अर्थ उलट लावतो. ही माणसे म्हणजे साधने आहेत असे योडाला वाटत असते तर त्याचे अज्ञान तरी पुढे करता आले असते. त्याला प्रत्येकाचा वेगळा आत्मा दिसतो. म्हणजे आपण कोणाला रणांगणावर नेत आहोत हे त्याला पुरते ठाऊक आहे. गुहेबाहेर पडल्यावर शिरस्त्राणे पुन्हा डोक्यावर चढतात आणि लढाई चालू राहते. नायकाच्या दयाळूपणाने त्याचा दोष कमी होतो असे बहुतेक कथा, आणि बहुतेक समीक्षकही, गृहीत धरतात. मला वाटते दयाळूपणा हा या खटल्यातला सर्वांत जड पुरावा आहे. ज्याने सैनिकाला नावाने हाक मारली, त्याला यापुढे 'मला माहीत नव्हते' असे म्हणता येणार नाही.

सैनिक सेनापतीवर प्रेम करतात, ही दुसरी सबब याच प्रकारची आहे. क्लोन कॅप्टन रेक्स आपला सेनापती ॲनाकिन याच्यासाठी प्राण द्यायला तयार असतो. पण ज्याला सोडून जाता येत नाही त्याच्या प्रेमाची साक्ष सेनापतीच्या बाजूने कशी काढणार? ती निष्ठा खोटी नसेल, बहुधा खरीच आहे, पण ती त्या निष्ठावंताची आहे. सेनापतीला तिच्यावरून स्वतःची सुटका मागता येत नाही.

ॲनाकिनचा विचार केला की जास्त त्रास होतो. तो स्वतः गुलाम म्हणून वाढला. 'द फँटम मेनेस'मध्ये (१९९९) नऊ वर्षांचा तो मुलगा एका भंगारवाल्याच्या मालकीचा असतो, आणि जेडाय ज्याच्या बाजूने लढतात त्या प्रजासत्ताकात गुलामीविरुद्ध कायदे आहेत ना, असे राणी पाद्मे आश्चर्याने विचारते. दहा वर्षांनी त्याच प्रजासत्ताकाच्या घडवलेल्या सैनिकांचा तो सेनापती होतो. मालिकेच्या चौथ्या पर्वात तो, ओबी-वान आणि रेक्स गुलामांच्या व्यापाऱ्यांवर चालून जातात, त्यात ओबी-वान आणि रेक्स स्वतः गुलामांच्या कोठडीत पडतात, आणि शेवटी बंदिवान सुटतात. त्यानंतर रेक्स आपल्या तुकडीत परत जातो, आणि यात काही विसंगती आहे असे कोणाच्याच ध्यानात येत नाही. संसदेत तरी कोणी प्रश्न काढला का? पाद्मेने सैन्य उभारण्याच्या कायद्याला कडाडून विरोध केला होता, पुढे आणखी क्लोन विकत घेण्याच्या विधेयकालाही. वाद झाला तो युद्ध टाळण्यावर आणि कर्ज-खर्चावर. ज्यांची खरेदी होणार त्यांचे काय, हा मुद्दा त्यात आला नाही. मी पाद्मेला दोषी धरत नाही, पण तिच्यासारख्या प्रामाणिक बाईच्याही नजरेतून हे सुटले, याचे मला अजून वाईट वाटते.

मालिकेने काही दारे किलकिली केली आहेत. पहिल्या पर्वात स्लिक नावाचा क्लोन फितूर होतो आणि पकडल्यावर जेडायांना तोंडावर सांगतो की तुम्ही आम्हाला गुलाम केले. दुसऱ्या पर्वात कट नावाचा क्लोन पळून जाऊन शेतकरी झालेला भेटतो. त्याला बायको आणि मुले आहेत. जखमी रेक्स त्याच्याच घरी आसरा घेतो, दोघे रात्रभर वाद घालतात, आणि रेक्स शेवटी त्याला पकडून देत नाही. सैन्यातून बाहेर पडलेल्याचे पुढे काय होते, यावरून कुठल्याही सैन्याची खरी परीक्षा होते. प्रजासत्ताकाच्या नियमांत कट हा फरारी गुन्हेगार आहे. जेडायांच्या हाती सत्ता होती, मानमरातब होता. मागू त्या क्लोनाला लढाईतून मुक्त करावे एवढा एक नियम त्यांनी मागितल्याचे कुठे दिसत नाही. शत्रू दाराशी होता, ही सबब खरी आहे. पण युद्ध तीन वर्षे चालले, आणि तीन वर्षांत एक अर्ज लिहायला वेळ मिळतो.

चौथ्या पर्वातला उम्बाराचा मोठा अध्याय अनेकांना या विषयावरचा सर्वोत्तम वाटतो. पाँग क्रेल हा क्रूर जेडाय क्लोनांना नावाऐवजी क्रमांकाने हाका मारतो, मरणाच्या खाईत लोटतो आणि एका रात्री दोन तुकड्यांना शत्रूचा वेष सांगून एकमेकांवर सोडतो. शिरस्त्राण काढल्यावर समोर आपलाच चेहरा दिसतो. ते पाहताना मला नारायण गोप आठवले. त्वाष्ट्र अस्त्राचे काम इथे एका खोट्या हुकुमाने केले. अध्याय भेदक आहे, तरी त्यात एक पळवाट आहे. क्रेल आधीच शत्रूला मिळालेला असतो, त्यामुळे सगळे पाप त्याच्या अंगावर पडते आणि चांगले जेडाय स्वच्छ राहतात. क्रूर सेनापती दाखवणे सोपे. प्रश्न दयाळू सेनापतीचा आहे.

अशीच दुसरी पळवाट २०१४च्या पर्वात येते. २००५च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये एका हुकुमासरशी क्लोन आपल्या जेडाय सेनापतींना गोळ्या घालतात. तेव्हा त्याचे कारण उघड सांगितले नव्हते. मालिकेने सांगितले की प्रत्येकाच्या मेंदूत जन्मापासून एक चकती बसवलेली होती. फाइव्हज् नावाच्या क्लोनला हे कळते आणि ते सांगता सांगता तो मारला जातो. या चकतीने क्लोन दोषमुक्त झाले, ते योग्यच. पण तिने नकळत आणखी एक काम केले. विश्वासघाताचा तो एक क्षण पराधीन ठरला, आणि त्यामुळे आधीची तीन वर्षे जणू स्वाधीन होती असे वाटू लागले. कॅमिनोवरच्या वर्गखोल्या, कमी केलेला स्वतंत्रपणा, विकत घेतलेली आयुष्ये, हे सगळे चकतीच्या मागे झाकले गेले.

मालिकेचा शेवटचा अध्याय मात्र काही झाकत नाही. असोका टानो ही तरुणी जेडाय संघ सोडून गेलेली असते, पण शेवटच्या मोहिमेवर क्लोनांची एक तुकडी तिच्या हाताखाली येते. तिच्या स्वागतासाठी त्या सैनिकांनी आपली शिरस्त्राणे तिच्या चेहऱ्यावरच्या खुणांसारखी रंगवलेली असतात. परतताना जहाजावर तो हुकूम येतो आणि तेच सैनिक तिला मारायला धावतात. ती रेक्सच्या डोक्यातली चकती काढून त्याला सोडवते. बाकीच्यांना मारायचे नाही, असे ती ठरवते. रेक्स रडत तिला सांगतो की ते आपल्याला मारल्याशिवाय थांबणार नाहीत, तरी ती ठाम राहते. मात्र निसटण्यासाठी गोंधळ हवा म्हणून तिने कोठडीतल्या मॉल या मारेकऱ्याला मोकळे केलेले असते. तो कित्येक क्लोन मारतो आणि जहाजाचे यंत्रच उखडतो. जहाज एका चंद्रावर कोसळते. तिने एकाही सैनिकावर शस्त्र चालवले नाही, आणि तिने उघडलेल्या एका कोठडीमुळे ते सगळे मेले. मालिका तिची बाजू मांडत नाही, तिला दोषही देत नाही.

नंतरच्या दृश्यात कोणी काही बोलत नाही. रेक्स आणि असोका यांनी ढिगाऱ्यातून एकेक मृतदेह काढून पुरला आहे. ओळीने थडगी, प्रत्येकावर एक खांब, खांबावर शिरस्त्राण, आणि त्यांतल्या कितीतरी शिरस्त्राणांवर तिच्याच चेहऱ्याच्या नारिंगी-पांढऱ्या खुणा. ती बराच वेळ त्यांच्यासमोर उभी राहते. मग हातातले प्रकाशखड्ग त्या मातीत टाकून निघून जाते.